कॉलेज फुटबॉलचा अंतिम सामना पहिल्यांदा बघताय? आधी खालची पट्टी वाचायला शिका

अमेरिकेत शिकायला गेलेल्या मराठी मुलामुलींना पहिल्याच जानेवारीत एक आमंत्रण येतंच: सोमवारी संध्याकाळी आमच्याकडे या, नॅशनल चॅम्पियनशिप आहे. म्हणजे कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना; आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो हा खेळ नव्हे. गेल्यावर दिसतं ते असं. खेळ पाच-सहा सेकंद चालतो आणि थांबतो. पुन्हा पाच सेकंद, पुन्हा थांबतो. मध्येच जाहिराती. आणि कोणी दोन यार्ड पुढे पडला तरी अख्खी खोली उभी राहून ओरडते. नवख्या माणसाला वाटतं, आपल्याला काहीतरी दिसत नाहीये.

खरंच दिसत नसतं, पण त्यावर उपाय सोपा आहे. नियमांचं पुस्तक पाठ करायची गरज नाही. पडद्याच्या खालच्या पट्टीत गुण आणि घड्याळाशेजारी दोन आकडे असतात, ‘थर्ड अँड सेव्हन’ असे काहीसे. ते दोन आकडे वाचता आले की खोली का ओरडतेय हे निम्म्याहून जास्त कळतं. बाकीच्या गोष्टी त्यांच्याभोवती हळूहळू बसत जातात.

आधी हा सामना नेमका कसला, ते

सर्वात वरच्या पातळीवर खेळणाऱ्या विद्यापीठ संघांचा हंगाम ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतो आणि जानेवारीत संपतो. गंमत म्हणजे या पातळीचा विजेता कोण हे बरीच दशकं मैदानावर ठरतच नव्हतं. पत्रकार आणि प्रशिक्षक मतं देत, आणि कधीकधी दोन वेगवेगळे विजेते निघत. १९९८पासून मतं आणि संगणकाची गणितं मिसळून दोन संघ निवडायचे आणि त्यांची लढत लावायची, अशी पद्धत आली. २०१४च्या हंगामापासून चार संघांचं ‘कॉलेज फुटबॉल प्लेऑफ’ सुरू झालं आणि २०२४च्या हंगामापासून त्यात बारा संघ आले. निवड समिती डिसेंबरच्या सुरुवातीला यादी जाहीर करते, आणि त्या दिवशीचे वाद ऐकण्यासारखे असतात. पहिली फेरी डिसेंबरातच वरच्या मानांकनाच्या संघांच्या घरच्या मैदानांवर होते. मग उपांत्यपूर्व आणि उपांत्य सामने रोझ बोल, शुगर बोल अशा जुन्या प्रतिष्ठेच्या सामन्यांच्या नावाने खेळले जातात, आणि शेवटचा सामना आधीच ठरलेल्या शहरात, सहसा व्यावसायिक संघाच्या स्टेडियममध्ये.

‘कॉलेजचा सामना’ म्हटल्यावर आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचं मैदान आणि टाळ्या वाजवणारी शंभर मुलं डोळ्यांसमोर येत असतील, तर ते चित्र पुसा. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियमची आसनक्षमता १,०७,६०१ आहे, ओहायो स्टेटचीही एक लाखावर. खेळाडू अठरा ते तेवीसच्या आसपासचे, बहुतेक शिष्यवृत्तीवर. २०२१पासून त्यांना स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर जाहिरातींचे पैसे मिळवता येतात, आणि २०२५पासून विद्यापीठंही थेट पैसे देऊ शकतात. हौशी खेळ ही कल्पना आता बऱ्यापैकी मोडीत निघाली आहे. ते चांगलं की वाईट, यावर पार्टीत बोलायचं असेल तर मध्यंतराची वाट पाहा.

पट्टीतले दोन आकडे

मैदान १०० यार्ड लांब. दोन्ही टोकांना आणखी दहा-दहा यार्डांचे पट्टे, त्यांना एंड झोन म्हणतात. चेंडू ज्याच्याकडे आहे त्या संघाला समोरच्या एंड झोनपर्यंत जायचं असतं. मात्र त्यांना एका वेळी चारच प्रयत्न मिळतात, आणि त्या चारांत किमान दहा यार्ड पुढे जावं लागतं. गेले, की पुन्हा नवे चार. नाही गेले, तर चेंडू जिथे असेल तिथून दुसऱ्याचा. प्रत्येक प्रयत्नाला ‘डाउन’ म्हणतात.

म्हणून पट्टीतला पहिला आकडा सांगतो की कितवा प्रयत्न आहे, आणि दुसरा सांगतो की किती यार्ड हवेत. ‘फर्स्ट अँड टेन’ म्हणजे नवी सुरुवात. त्यावर चार यार्ड मिळाले की ‘सेकंड अँड सिक्स’. शेवटच्या षटकात आपण जसं ‘किती चेंडू, किती धावा’ एवढंच बघतो, तसंच हे. फरक इतकाच की इथे असं शेवटचं षटक दर दोन मिनिटांनी येतं.

टीव्हीवर मैदानावर आडवी पिवळी रेघ दिसते. चेंडू कुठवर न्यायचाय ते ती दाखवते. ती खऱ्या मैदानावर नसते, चित्रात घातलेली असते. स्टेडियममध्ये बसलात तर कडेला दोन खांबांना बांधलेली दहा यार्डांची साखळी घेऊन उभी असलेली माणसं शोधा. कोट्यवधी डॉलरच्या या खेळात मोजमाप करायला अजूनही साखळी आणली जाते.

आता खरी लक्ष द्यायची वेळ सांगतो: तिसरा डाउन. पहिल्या दोन प्रयत्नांत गप्पा मारा, वाटी भरून आणा, चालेल. तिसऱ्याला पडद्याकडे बघा. कारण तिसरा फसला तर चौथ्यावर बहुतेक संघ धोका पत्करत नाहीत. ते दोनपैकी एक करतात. लांब असतील तर चेंडू लाथेने दूर पिटाळतात, म्हणजे समोरच्याला मागून सुरुवात करावी लागते; हा ‘पंट’. जवळ असतील तर लाथेने चेंडू एंड झोनच्या मागच्या उंच खांबांमधून घालवायचा प्रयत्न करतात. तो ‘फील्ड गोल’, ३ गुण. आणि कधीमधी एखादा प्रशिक्षक चौथ्यावरही खेळायचं ठरवतो. तेव्हा खोलीतली शांतता वेगळी असते, ती ओळखता येईल.

तिसऱ्यावर दोन यार्ड हवे असतील तर बचाव करणाऱ्या संघाला काहीच सांगता येत नाही, कारण समोरचा पळूही शकतो आणि फेकूही शकतो. बारा यार्ड हवे असतील तर सगळ्या स्टेडियमला माहीत असतं की आता चेंडू हवेतून जाणार. म्हणूनच पहिल्या डाउनवर मिळालेले ते नीरस चार-पाच यार्ड जाणकारांना एवढे आवडतात.

डोळे कुठे ठेवायचे

चेंडूवर नाही. चेंडूचा पाठलाग कॅमेरा करतोच. खेळ सुरू होण्याच्या क्षणी मधल्या पाच धिप्पाड खेळाडूंकडे बघा, आक्रमण करणाऱ्या संघाची ती भिंत असते. ते पुढे घुसले तर चेंडू घेऊन पळायचा डाव आहे. मागे सरून हात पुढे करून उभे राहिले तर चेंडू फेकला जाणार. ही एक खूण दहा मिनिटांत अंगवळणी पडते, आणि शेजारचा माणूस काय होतंय ते सांगायच्या आत तुम्हाला कळलेलं असतं. (बचावाला फसवण्यासाठी संघ कधी मुद्दाम उलटं भासवतात. त्याची काळजी पहिल्या सामन्यात करू नका.)

भिंतीमागचा क्वार्टरबॅक हा संघाचा कर्ता. बातम्यांत त्याचंच नाव येतं. पण तो फेकायला उभा राहिल्यावर त्याला तीन सेकंद मिळतायत की दीड, हे त्या पाच जणांवर असतं.

अमेरिकेत हा सामना ईएसपीएनवर असतो आणि अनेकदा त्यांच्या दुसऱ्या वाहिन्यांवर वेगळ्या कोनांतून तोच सामना दाखवतात. वरून, आक्रमणाच्या मागून दाखवणारं प्रक्षेपण सापडलं तर पाचेक मिनिटं बघा. नेहमीच्या बाजूच्या कॅमेऱ्यातून घोळका दिसतो. वरून रिकाम्या जागा दिसतात आणि त्या कोण कशा तयार करतंय ते कळतं. नंतर नेहमीच्या प्रक्षेपणाकडे परत या, कारण समालोचन तिथे चांगलं असतं.

गुणांचा फरक कसा वाचायचा

चेंडू समोरच्या एंड झोनमध्ये नेला की तो ‘टचडाउन’, त्याचे ६. त्यानंतर लगेच एक जादा संधी मिळते: लाथेने खांबांमधून मारलं तर १, तीन यार्डांवरून पुन्हा एंड झोनमध्ये नेलं तर २. फील्ड गोलचे ३. आक्रमण करणाऱ्याला त्याच्याच एंड झोनमध्ये पाडलं तर पाडणाऱ्याला २, पण हे क्वचित.

म्हणजे एका ताब्यात, चेंडू एकदा हाती आल्यापासून तो जाईपर्यंत, जास्तीत जास्त ८ गुण. हा आठ आकडा लक्षात ठेवा. सामन्याच्या उत्तरार्धात जाणकार माणूस ‘किती गुणांनी मागे’ असं मोजतच नाही, ‘किती ताब्यांनी मागे’ असं मोजतो. ८ने मागे म्हणजे एक ताबा. ९ने मागे म्हणजे दोन. एका गुणाचा फरक, आणि सामन्याचं रूप पालटतं.

हे २० जानेवारी २०२५ रोजी अटलांटात झालेल्या सामन्यावरून बघू. बारा संघांच्या प्लेऑफचा तो पहिला अंतिम सामना होता, ओहायो स्टेट विरुद्ध नोत्र दाम. नोत्र दामने पहिल्याच ताब्यात अठरा डाउन खेळून, पावणेदहा मिनिटं घड्याळ खाऊन टचडाउन केला. नवख्या माणसाला वाटलं असतं की आता हेच जिंकणार. पुढचे ३१ गुण ओहायो स्टेटचे. ३१-७. मग नोत्र दामने टचडाउन केला आणि जादा संधीत १ऐवजी २ गुणांचा प्रयत्न केला. तो साधला, ३१-१५.

फरक १६, म्हणजे अगदी दोन ताबे. चौथ्या तिमाहीत नोत्र दाम एंड झोनपासून नऊ यार्डांवर पोहोचला. चौथा डाउन. प्रशिक्षक मार्कस फ्रीमनने फील्ड गोल मारायला सांगितलं. आता आठचं गणित करा: ३ मिळाले असते तर फरक १३, म्हणजे तरीही दोनच ताबे. मग उपयोग काय? उपयोग एवढाच की पुढचे दोन टचडाउन झाले असते तर दोनदोनदा २ गुणांचा जुगार खेळावा लागला नसता. पण टचडाउन तर दोन लागलेच असते. माझ्या मते तिथे चौथ्यावर खेळायला हवं होतं. वाद होऊ शकतो, झालाही. चेंडू खांबाला लागून बाहेर गेला आणि गणित कागदावरच राहिलं.

नंतर नोत्र दामने पुन्हा टचडाउन आणि २ गुण मिळवले. ३१-२३, फरक आठ, एक ताबा. शेवटची तीनेक मिनिटं उरली असताना ओहायो स्टेटकडे चेंडू आणि तिसऱ्यावर अकरा यार्ड हवेत. सावध मार्ग होता चेंडू घेऊन पळायचं, घड्याळ चालू ठेवायचं आणि पंट करायचा. त्याऐवजी क्वार्टरबॅक विल हावर्डने कडेने सुटलेल्या जेरेमाया स्मिथला लांब फेकला, ५६ यार्ड. स्मिथ तेव्हा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी होता. त्यातून पुढे फील्ड गोल निघाला आणि ३४-२३ झालं. अकराचा फरक म्हणजे दोन ताबे, आणि हातात अर्ध्या मिनिटापेक्षा कमी. तिथेच सामना संपला.

घड्याळ

चार तिमाह्या, प्रत्येकी १५ मिनिटं. प्रत्यक्षात मात्र साडेतीन तास धरा, कधी त्याहून जास्त. फेकलेला चेंडू कोणी न झेलता पडला की घड्याळ थांबतं. खेळाडूला मैदानात पाडलं की चालू राहतं. म्हणून आघाडीवरचा संघ शेवटी पळत राहतो आणि मागे असलेला फेकत राहतो. प्रत्येक अर्धात तीन टाइमआउट असतात. ते कोणी आधीच उडवले असतील तर शेवटी नखं चावायची वेळ त्याच्यावर येते. क्वार्टरबॅक चेंडू घेऊन नुसताच गुडघा टेकताना दिसला तर समजा, उरलेला वेळ ते संपवतायत आणि आता काही होणार नाही.

पिवळे रुमाल

पंचाने पिवळा रुमाल टाकला की कोणाची तरी चूक झाली. मग मुख्य पंच माइकवर जाहीर करतो. नवख्याने तीन ओळखाव्यात: खेळ सुरू व्हायच्या आधीच हललात तर पाच यार्ड मागे, समोरच्याला धरून ठेवलं तर दहा, आणि ‘टार्गेटिंग’, म्हणजे डोक्याने किंवा डोक्यावर घातक धडक. ही शेवटची कॉलेजच्या खेळात फार गांभीर्याने घेतात. चित्रफीत तपासून ती खरी ठरली तर पंधरा यार्ड तर जातातच, खेळाडूला मैदानाबाहेर काढलं जातं.

तुम्ही व्यावसायिक एनएफएल थोडंफार बघितलं असेल तर दोन फरक लक्षात घ्या. कॉलेजात झेल घेताना एकच पाय मैदानात असला तरी चालतं. आणि कोणी न ढकलता खेळाडूचा गुडघा टेकला, तरी तो डाव तिथेच संपतो.

बरोबरी झाली तर

इथे कॉलेजचा खेळ एनएफएलपेक्षा रंगतदार आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. दोन्ही संघांना आळीपाळीने समोरच्याच्या २५ यार्ड रेषेवरून, म्हणजे एंड झोनपासून २५ यार्डांवरून, चेंडू मिळतो. तिथेही बरोबरी राहिली तर दुसऱ्या फेरीत टचडाउननंतर २ गुणांचाच प्रयत्न करावा लागतो. तिसऱ्या फेरीपासून तर फक्त २ गुणांचे प्रयत्न, एक तुमचा, एक आमचा.

८ जानेवारी २०१८चा अलाबामा-जॉर्जिया सामना यासाठी बघाच, त्याचे ठळक क्षण सहज सापडतात. मध्यंतराला अलाबामा १३-० असा मागे. प्रशिक्षक निक सेबनने दोन वर्षं संघ सांभाळणाऱ्या जेलन हर्ट्सला बसवलं आणि पहिल्या वर्षाच्या तुआ टागोवायलोआला आणलं. २०-२० अशी बरोबरी झाली. जादा खेळात जॉर्जियाने ५१ यार्डांवरून फील्ड गोल मारला, २३-२०. मग अलाबामाचा पहिलाच डाउन: तुआला मागे पळवत सोळा यार्ड तोट्यात पाडलं. पट्टीत आकडे आले ‘सेकंड अँड ट्वेंटीसिक्स’.

आता वाचा ते आकडे. तीन प्रयत्नांत सव्वीस यार्ड. चेंडू ४१ यार्ड रेषेवर. फील्ड गोल मारायचा तर त्यात एंड झोनचे दहा आणि मागे देऊन मारायचे सातेक यार्ड मिळवावे लागतात, म्हणजे जवळपास ५८. बरोबरीसुद्धा अवघड. पुढच्याच डावात तुआने डाव्या कडेने पळणाऱ्या डेव्हॉन्टा स्मिथला ४१ यार्ड फेकला आणि अलाबामा २६-२३ने विजेता. अलाबामाच्या माणसाला नुसतं ‘सेकंड अँड ट्वेंटीसिक्स’ म्हणून बघा, पुढची दहा मिनिटं तोच बोलेल.

पार्टीला किंवा स्टेडियमला जाताना

कपड्यांचा रंग आधी विचारून घ्या. मिशिगनचा पिवळा-निळा सदरा घालून ओहायोच्या घरात जाणं म्हणजे भांडण ओढवून घेणं, मग त्या दिवशी मिशिगन खेळत नसलं तरी. कोणी ‘ओ-एच’ असं ओरडलं तर उत्तर ‘आय-ओ’. अलाबामाची मंडळी निरोपालाही ‘रोल टाइड’ म्हणतात. खायला चिकन विंग्ज, चिली, रिब्ज असं असतं. शाकाहारी असाल तर चिप्स आणि ग्वाकामोलेवर रात्र काढण्यापेक्षा स्वतःच एक डबा न्या. बटाटेवडे नेलेत तर पहिल्या तिमाहीतच संपतील.

स्टेडियमला जाणार असाल तर तिकीट फोनवर असतं, चार्जिंग बघून निघा. नेहमीची पाठपिशवी आत नेऊ देत नाहीत, पारदर्शक पिशवी लागते. लवकर जा, कारण गाड्यांच्या तळावर दुपारपासून शेगड्या पेटलेल्या असतात आणि अनोळखी माणसालाही प्लेट पुढे करतात. मध्यंतरात जागा सोडू नका. कॉलेजच्या खेळात मध्यंतर वीस मिनिटांचं आणि बँडचं असतं, शेकडो विद्यार्थी वाद्यं घेऊन चालत मैदानावर आकृत्या काढतात. टीव्हीवर त्या वेळी बहुतेकदा तज्ज्ञ बोलत असतात, त्यामुळे हे प्रत्यक्षच बघावं.

आणि तुम्ही महाराष्ट्रातून बघणार असाल तर: तिथल्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेने सामना संध्याकाळी साडेसातच्या सुमारास सुरू होतो, म्हणजे आपल्याकडे मंगळवारी सकाळी सहा. साडेनऊपर्यंत सहज चालतो. दहाचं ऑफिस असेल तर अंघोळ मध्यंतरात, म्हणजे साधारण पावणेआठच्या आसपास, उरकून घ्या.